नापास कोण – मूल की वर्ग?

२०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून महाराष्ट्र सरकारने पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा पुन्हा सुरू केली. तीत जे मूल उत्तीर्ण होणार नाही त्याला फेरपरीक्षेची एक संधी मिळणार आणि तीही हुकली की त्याने त्याच इयत्तेत बसायचे. शिक्षण हक्क कायद्याच्या सोळाव्या कलमाने २०१० पासून मुलांना जे संरक्षण दिले होते, ते केंद्राने २०१९ साली कायद्यात दुरुस्ती करून राज्यांच्या मर्जीवर सोडले आणि आपल्या राज्याने ते काढून घेतले. ‘आता तरी दर्जा सुधारेल’ असे म्हणत सुस्थित समाजाने या निर्णयाचे स्वागतच केले. आपल्या चळवळीतल्याही काही साथींनी माना डोलावल्या, हे दुःखाने नमूद करावे लागते.

या निर्णयामागचा सिद्धान्त सोपा आहे. नापासाची भीती नसल्यामुळे मुले शिकत नाहीत. भीती परत आणा म्हणजे शिकू लागतील. या सिद्धान्ताच्या पोटात एक गृहीत दडलेले आहे. शाळेने शिकवायचे ते शिकवले होते, ते सर्वांपर्यंत पोहोचलेही होते, ज्याने घेतले नाही ते मूलच काय ते दोषी, असे ते गृहीत आहे. आमची हरकत या गृहीतावर आहे. मुलाला नापास करण्यापूर्वी वर्गाची परीक्षा कोणी घेतली काय?

घाटकोपरच्या असल्फा टेकडीवरची, मुलुंडच्या डोंगरपायथ्याची, अंधेरीत मरोळच्या औद्योगिक वसाहतीमागची किंवा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानालगतच्या पाड्यांतली मुले ज्या शाळांत जातात, त्यांतल्या एखाद्या शाळेचा चौथीचा वर्ग डोळ्यांपुढे आणावा. शेवटच्या बाकावरच्या मुलाला फळा धूसर दिसतो. त्याला चष्म्याची गरज आहे हे घरी कोणाला ठाऊक नाही आणि शाळेत कोणी तपासलेले नाही. खिडकीशी बसलेल्या मुलीचा एक कान वरचेवर फुटतो. बाहेर रिक्षांचा गलका सुरू झाला की तिच्यापुरते शिक्षण थांबते. तिसऱ्याच्या घरची बोली वारली, चौथ्याच्या घरची भोजपुरी; पाठ्यपुस्तकाची भाषा दोघांनाही तितकीच परकी. एक मुलगी रात्री उशिरापर्यंत आईसोबत नकली दागिन्यांचे मणी ओवीत बसलेली असते. आणखी एक मुलगा तोंडी गोष्ट रंगवून सांगतो; पण त्याच्या पाटीवर ‘घ’चा ‘ध’ होतो, ‘भ’चा ‘म’ होतो, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. त्याला सगळे ‘ढ’ म्हणतात आणि हळूहळू तोही स्वतःला तेच म्हणू लागतो.

या वर्गापुढे शिक्षक उभा राहतो तो एकाच मुलाला शिकवण्यासाठी. ते मूल घरी प्रमाणभाषा बोलते, त्याचे डोळे-कान निकोप असतात, पोट भरलेले असते, अभ्यासाला जागा असते आणि अडले तर सांगायला शिकलेली आई असते. याला शिक्षणशास्त्रात ‘सरासरी विद्यार्थी’ म्हणतात. गंमत अशी की हा सरासरी विद्यार्थी पालिका शाळेच्या वर्गात सहसा बसलेलाच नसतो. पाठ्यपुस्तक त्याच्यासाठी, तास त्याच्यासाठी, परीक्षा त्याच्यासाठी. आणि जे प्रत्यक्ष समोर बसले आहेत त्यांनी त्याच्यासारखे व्हावे, न झाल्यास नापास व्हावे, अशी ही योजना आहे. मराठीत इयत्तेच्या खोलीलाही आपण वर्ग म्हणतो आणि समाजातल्या थरालाही वर्गच म्हणतो. या एका शब्दाने जे सांगितले आहे ते शिक्षण खात्याच्या अहवालांनी कधी सांगितले नाही.

सरकारला हे अगदीच दिसत नाही असे नाही. परंतु सरकारजवळ याला एकच उत्तर आहे, ते म्हणजे प्रमाणपत्र. महाराष्ट्राने १९९६ साली अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना शालान्त परीक्षेत सवलती देण्यास आरंभ केला. वाढीव वेळ, लेखनिक, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचे अंकगणित, अशा या सवलती. त्या काळी हे पाऊल पुढचे होते आणि त्यासाठी झटलेल्या पालकांचे व डॉक्टरांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु या सवलतींचा लाभ कोणाला झाला? अक्षमता ओळखण्याच्या प्रमाणित कसोट्या दीर्घकाळ प्रामुख्याने इंग्रजी माध्यमाच्या मुलांसाठीच उपलब्ध होत्या. हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा चार भाषांतली ‘डाली’ नावाची कसोटी मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने सिद्ध केली ती २०१५ साली. १९९५च्या अपंग कायद्यात या अक्षमतेचा समावेशच नव्हता. तो २०१६च्या कायद्यात झाला. म्हणजे सवलत सुरू झाल्यापासून सुमारे वीस वर्षे, मराठी वा हिंदी माध्यमातल्या मुलाची अडचण आपल्या व्यवस्थेच्या लेखी जवळजवळ अस्तित्वातच नव्हती. इंग्रजी शाळेतल्या मुलाला ‘डिस्लेक्सिया’ होता आणि पालिका शाळेतले मूल ‘ढ’ होते. आजार एक, नावे दोन. आणि नाव बापाच्या मिळकतीवरून ठरत होते!

आजही प्रमाणपत्र हवे तर मोठ्या रुग्णालयाची वाट धरावी लागते. बोरिवलीच्या किंवा मुलुंडच्या धुणीभांडी करणाऱ्या बाईने यासाठी किती खेपा घालायच्या आणि किती खाडे करायचे? आणि एवढे करून हाती काय येते? दहावीच्या परीक्षेत थोडा अधिक वेळ. पहिलीपासून नववीपर्यंत ज्या वर्गात त्या मुलाला काहीच शिकवले गेले नाही, तो वर्ग होता तसाच राहतो. आम्ही सवलतींच्या विरुद्ध नाही. नऊ वर्षे उपाशी ठेवून दहाव्या वर्षी पंगतीत जरा जास्त वेळ बसू देण्याला न्याय म्हणायला मात्र आम्ही तयार नाही.

मग करायचे काय? उत्तर शोधायला उपनगरातल्या माणसाने फार लांब जाण्याचे कारण नाही. लोकलच्या डब्यात पुढच्या स्थानकाचे नाव मराठी, हिंदी आणि इंग्रजीत ऐकू येते आणि त्याच वेळी पाटीवर उमटते. ज्याला दिसत नाही तो ऐकतो, ज्याला ऐकू येत नाही तो वाचतो, ज्याला वाचता येत नाही त्याचेही अडत नाही आणि काल गावाहून आलेला माणूसही घाटकोपरला बरोबर उतरतो. ही घोषणा कोणाचे प्रमाणपत्र तपासून केली जात नाही. नाना तऱ्हेची माणसे या गाडीत बसणार, हे अगोदरच गृहीत धरून ती योजलेली आहे. आणि म्हणूनच तिचा उपयोग धडधाकट प्रवाशालाही होतो. वर्गाची रचना याच न्यायाने करावी, एवढीच आमची मागणी आहे.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात १९८४ साली स्थापन झालेल्या ‘कास्ट’ या संस्थेच्या संशोधकांनी या विचाराची शास्त्रशुद्ध मांडणी केली. अपंग मुलांसाठी संगणकाची साधने बनवता बनवता त्यांच्या ध्यानी आले, की दुरुस्तीची गरज अभ्यासक्रमाला आहे. मुलाला दुरुस्त करण्याचा आपला खटाटोप उलटा आहे. त्यांनी तीन सूत्रे सांगितली. आशय एकाहून अधिक मार्गांनी समोर ठेवा. मुलांना आपले ज्ञान एकाहून अधिक मार्गांनी प्रकट करू द्या. आणि शिकण्यात रस वाटावा यासाठीही एकच एक मार्ग धरू नका.

हे सारे अवघड वाटत असेल तर चौथीचा अपूर्णांकांचा पाठ घ्या. नेहमीचा तास असा होतो: फळ्यावर अंश, छेद, आडवी रेघ; पाच उदाहरणे सोडवून दाखवायची, दहा घरी. परंतु घाटकोपर स्थानकाबाहेर आईच्या भाजीच्या टोपलीशी बसणारी मुलगी पावशेर, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे सगळे शब्द रोज वापरते. साठ रुपये किलोच्या भेंडीच्या पाऊण किलोचे पंचेचाळीस रुपये ती तोंडी सांगते आणि वर पन्नासाच्या नोटेचे पाच रुपये परतही करते. तीच मुलगी वहीत तीनचतुर्थांश गुणिले साठ पाहून गप्प होते. हा केवळ आमचा तर्क नव्हे. ब्राझीलमधील रेसिफे शहरातल्या रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांचा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. बाजारात विचारलेल्या हिशेबांची जवळजवळ सगळी उत्तरे त्या मुलांनी बरोबर दिली. तेच हिशेब कागदावर निव्वळ आकड्यांत घातले तेव्हा निम्मीही उत्तरे बरोबर आली नाहीत. कोलकाता आणि दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा असाच अभ्यास २०२५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात आला आणि त्याचा निष्कर्षही याच दिशेचा आहे. मुलाजवळ गणित असते; शाळेजवळ ते ओळखण्याची दृष्टी नसते.

आता तोच पाठ वेगळा योजा. तराजू आणि वजने वर्गात आणा. कागदाच्या पट्ट्या घडी घालून पाव, अर्धा, पाऊण हाताने करू द्या. ज्याला नीट दिसत नाही तो बोटांनी मोजेल. ‘पाऊण’ला तुमच्या घरी काय म्हणतात, हे विचारा, चार बोलींतले चार शब्द फळ्यावर शेजारी-शेजारी लिहा. त्यानंतर अंश-छेदाची खूण शिकवा, कारण ती शिकवायची आहेच. त्या ज्ञानापासून गरिबाच्या मुलाला वंचित ठेवण्याचा अधिकार आम्हालाही नाही. आणि शेवटी उत्तर कोणी लिहून, कोणी बोलून, कोणी घडी घालून दाखवील, ते सगळे मान्य करा. यात कोणाला सवलत दिली? कोणाचा दर्जा खालावला? पाठ तोच राहिला, त्याला दारे मात्र चार झाली.

हे काही परदेशातून आणलेले खूळ आहे, असे कोणी समजू नये. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन केले, त्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा एवढीच मागणी नव्हती. शिक्षक शेतकऱ्यांच्या वर्गातून यावेत, नांगर धरायला न लाजणारे असावेत, शिक्षणक्रमात मोडी-बालबोध आणि हिशेबाबरोबर शेती, नीती व आरोग्य असावे, असे त्यांनी बजावले होते. शाळेचे दार उघडणे आणि आतला वर्ग त्या मुलासाठी घडवणे या दोन वेगळ्या लढाया आहेत, हे जोतीरावांनी तेव्हाच ओळखले होते.

आणि पश्चिम रेल्वेच्या ज्या मार्गावर आपले अंधेरी-बोरिवली आहे त्याच मार्गावर पुढे, डहाणू तालुक्यात, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे काम प्रत्यक्ष करून दाखवले. १९४५ साली बोर्डीला त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. आदिवासी मुले शाळेत येईनात, तेव्हा ‘या मुलांना शिक्षणाची गोडी नाही’ असा शेरा त्यांनी मारला नाही. त्या शाळाच पाड्यावरच्या अंगणात घेऊन गेल्या. मुले गुरे राखायला जातात म्हणून कुरणात शाळा भरवली. मोठ्या मुली धाकट्या भावंडांना सांभाळतात म्हणून शाळा सोडतात, हे दिसल्यावर कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली. मॉन्टेसरीची महागडी साधने परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी शिंपले, बिया, पाने, खडे आले. मूल येत नसेल तर शाळेने आपली रचना तपासावी, हा त्या कार्याचा गाभा होता. तो आपण अभिवादनाच्या हारांखाली पुरून टाकला.

या मागणीवर आक्षेप येतील, आणि त्यांना उत्तर दिलेच पाहिजे.

‘यामुळे हुशार मुलांचे नुकसान होईल’ हा पहिला आक्षेप. ज्यांचे मूल ट्यूशनला जाऊन तोच पाठ दुसऱ्यांदा शिकते, त्यांनी हा आक्षेप घ्यावा हे नवलच आहे. तराजू हाती धरून अपूर्णांक शिकलेल्या हुशार मुलाचे काय बिघडते, हे कोणी दाखवून द्यावे.

दुसरा आक्षेप पैशाचा. मुंबई महापालिकेचा २०२५-२६चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. शिक्षणाचा ३,९५५ कोटींचा. शंभर रुपयांस सव्वापाच रुपये असे हे प्रमाण पडते. शिवाय मार्च २०२२मध्ये पालिकेची मुदत संपल्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ या महानगराचा कारभार प्रशासकाने हाकला. त्या काळात शाळांच्या प्रश्नावर जाब विचारायला लोकांनी निवडलेला एकही नगरसेवक सभागृहात नव्हता. पैसा नाही असे नव्हे, तो मागणारा आवाज नव्हता. आणि जो पैसा शिक्षणावर पडतो तो वस्तूंवर पडण्याची खोड जुनी आहे. सत्तावीस शालोपयोगी वस्तू वाटल्या. २०१५ साली आठवीच्या मुलांच्या हाती टॅब दिले. गणवेश-वह्या मिळाल्याच पाहिजेत, त्यांची थट्टा आम्हाला करायची नाही. परंतु वस्तूची निविदा काढता येते, छायाचित्र काढता येते, कंत्राटदाराचे भले करता येते. एका शिक्षकाला तयारीसाठी रोज एक तास मोकळा देण्यात यांपैकी काहीच साधत नाही. म्हणून तो तास कोणी देत नाही.

तिसरा आक्षेप शिक्षकांचा, आणि तो खरा आहे. जनगणना आमच्या माथी, निवडणूक आमच्या माथी, याद्या आणि माहिती भरणे आमच्या माथी. चार तऱ्हांनी पाठ कधी योजायचा? शिक्षक हा या व्यवस्थेचा आरोपी नसून तिचा वेठबिगार आहे, हे आपण स्पष्ट म्हटले पाहिजे. कायदा प्राथमिक इयत्तांत तीस मुलांमागे एक शिक्षक सांगतो. विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी प्राथमिक स्तरावर दहांमागे आणि उच्च प्राथमिक स्तरावर पंधरांमागे एक विशेष शिक्षक हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली सांगितले. विशेष शिक्षकांना मात्र आपल्या राज्याने वर्षानुवर्षे कंत्राटावर राबवले. समावेशित शिक्षणाचे फलक कायम आणि ते देणारा माणूस हंगामी, ही या राज्याची रीत आहे.

चौथा आक्षेप आपल्याच घरातला आहे, म्हणून अधिक बोचतो. ‘हा मध्यमवर्गीय आयांचा प्रश्न, आपल्यापुढे रोजगार, घर, पाणी हे प्रश्न आहेत,’ असे काही साथी म्हणतात. त्यांना आम्ही विचारतो: आठवीत नापास झालेला मुलगा पुढल्या जूनमध्ये त्याच बाकावर परत येईल, असे तुम्हाला खरोखर वाटते काय? तो गॅरेजमध्ये जाईल, चहाच्या टपरीवर जाईल, मुलगी असेल तर मण्यांच्या कामाला जुंपली जाईल. बालकामगार कायद्यात २०१६ साली जी दुरुस्ती झाली तिने कौटुंबिक उद्योगाच्या नावाखाली यासाठी वाटही करून ठेवली आहे. स्वस्त मजुरांची भरती गुणपत्रिकेवर होते. जो पक्ष त्या मजुराच्या वेतनासाठी झगडतो त्याने तो मजूर कसा घडवला गेला हे पाहू नये, हा कोणता समाजवाद?

पाण्याचा लढा आठवा. अंधेरी आणि बोरिवलीच्या मधोमध गोरेगावात मृणालताई गोरे १९६१ साली पालिकेवर निवडून आल्या आणि पाण्यासाठी लढता लढता ‘पाणीवाली बाई’ झाल्या. कोणाची तहान खरी याचे प्रमाणपत्र आणा, मग एक तांब्या मिळेल, असे पालिकेने म्हटले असते तर त्यांनी ते चालवून घेतले असते काय? मागणी होती ती वस्तीपर्यंत जलवाहिनी आणण्याची. वर्गाबाबतही आपली मागणी तीच असली पाहिजे. कोठारी आयोगाने १९६६ साली समान शाळेची कल्पना मांडली आणि आयोगाचे सदस्य-सचिव होते आपल्या कोल्हापूर जिल्ह्याचे जे. पी. नाईक. ती समान शाळा आपण घोषणांत जिवंत ठेवली. परंतु समान शाळेच्या आतला वर्ग जर एकाच तऱ्हेच्या मुलासाठी असेल, तर तिचे समान दार ही फसवणूक ठरेल.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. पाचवी-आठवीची नापासी रद्द करा. आणि ती रद्द होईपर्यंत, अमुक मुलासाठी वर्षभरात कोणते वेगळे प्रयत्न केले याची लेखी नोंद दाखवल्याशिवाय कोणत्याही शाळेला मूल मागे ठेवू देऊ नका. प्रत्येक मुलाचे डोळे व कान जूनमध्ये तपासा आणि चष्मा वा श्रवणयंत्र जुलै संपण्यापूर्वी हाती द्या. अध्ययन अक्षमतेची तपासणी मुलाच्या भाषेत आणि उपनगरातल्याच पालिका रुग्णालयांत करा. विशेष शिक्षक कायम नेमा. शिक्षकांवरची शिक्षणबाह्य कामे काढा आणि पाठाच्या तयारीचा तास वेळापत्रकात घाला.

यासाठी विधानसभेची वाट पाहण्याचे कारण नाही. कायद्याने प्रत्येक पालिका शाळेत व्यवस्थापन समिती असते. तिचे तीनचतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. शाळेचा विकास आराखडा करणे हे त्या समितीचे काम आहे. बहुतेक ठिकाणी तिच्या सह्या घरोघर फिरून गोळा होतात. आपल्या प्रत्येक शाखेने आपल्या विभागातल्या एका शाळेची समिती खरी करून दाखवावी. भाजीवालीला, मणी ओवणारीला, रिक्षावाल्याला त्या बैठकीत बोलते करावे. आणि आपण ज्या अभ्यासिका चालवतो, तिथेही एक फळा, एक वक्ता आणि मुकाट मुले असाच प्रकार चालतो की काय, हे आधी तपासावे. ज्याच्या स्वतःच्या अभ्यासिकेत ‘ढ’ मुलाला मागे बसवले जाते, त्याला पालिकेच्या दारात घोषणा देण्याचा अधिकार नाही.

येत्या जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा शेवटच्या बाकावरचा तो मुलगा पुन्हा धूसर फळ्याकडे पाहत बसलेला असेल. त्याचा निकाल लागण्यापूर्वी आपण त्याच्या वर्गाचा निकाल लावला पाहिजे.